मागची बाई

१

सकाळी सात वाजता दोमितिलाची सुरी लाकडी फळीवर वाजायला लागायची आणि त्या आवाजावर नेलिदाचा दिवस उघडायचा. खट् खट् खट्, मध्येच नळाचं पाणी, मग एक चप्पल टेकायची आणि दुसरी फरशीवर घासत जायची, कारण आईचा उजवा खुबा धरला होता. आठ वर्षं दोघी मायलेकी एकत्र राहत होत्या. आरेकिपा शहराच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या राखेवर उभ्या राहिलेल्या वस्तीत दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि मागे पत्र्याखाली नेलिदाची कामाची खोली. तिथे तिचा कॉम्प्युटर, स्वतःचा पडदा असलेली, कॉम्प्युटरशिवायही चालणारी चित्र काढायची काळी डिजिटल पाटी आणि पेन.

लोक जुने फोटो घेऊन यायचे. नेलिदा त्यांवरून पाटीवर चित्र रंगवायची, मग ते कापडावर छापून लोकांच्या दिवाणखान्यात लागायचं. कोणाचे मिटलेले डोळे उघडायचे, भांडून गेलेल्या जावयाला काढून टाकायचं, मेलेल्या आजोबांना नातीच्या लग्नात उभं करायचं. नेलिदाला या कामाचं आता काही वाटत नसे. माणसं भिंतीवर खोटंच लावतात, ते निदान नीट रंगवलेलं असावं, एवढंच तिचं म्हणणं.

एका मंगळवारी सेन्योरा क्लेमेंसिया आली. तिच्या माहेरी दोमितिलाने अडतीस वर्षं काम केलं होतं. घर झाडण्यापासून पोरं वाढवण्यापर्यंत सगळं. मालकांची ही लेक लहान असताना दोमितिला तिला 'सेन्योरिता' म्हणायची, लग्नानंतर 'सेन्योरा'. दारातच तिने दोमितिलाच्या गालाला गाल लावला.

"दोमी, कशी आहेस गं? पाय काय म्हणतो?" असं विचारून उत्तराची वाट न बघता ती थेट मागच्या खोलीत आली आणि पिशवीतून एक फोटो काढला.

अंगण, जिरेनियमच्या कुंड्या. खुर्च्यांवर आईवडील, बाजूला दहा वर्षांची क्लेमेंसिया आणि तिचा धाकटा भाऊ. मधोमध, मागे, चोवीस वर्षांची दोमितिला, आणि तिच्या हातांत सगळ्यांत लहान, सहा महिन्यांचा आल्वारो. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. दोमितिला बाळाकडे बघत होती.

"आईच्या नव्वदीला हेच मोठं करून लावायचंय," क्लेमेंसिया म्हणाली. "फक्त हिला जरा मागे ढकल."

"मागे म्हणजे?"

"काढू नकोस. काढलीस तर बाळ हवेत लटकेल. नुसती पुसट कर. फोनमध्ये नाही का मागचं सगळं धूसर होतं, तसं. अगं, सगळं गणगोत येणार. प्रत्येक जण विचारणार, ही कोण, ही कोण. तिथे उभं राहून कोण सांगत बसेल?"

"ही माझी आई आहे, सेन्योरा."

"म्हणून तर तुझ्याकडे आणलं! परक्याने काहीतरी वेडंवाकडं केलं असतं."

नेलिदा फोटोकडे बघत राहिली. त्या वर्षी ती दोन वर्षांची होती आणि डोंगरापलीकडे कबानाकोंदे गावात आजीच्या पाठीवर बांधलेली होती. आई दोन-तीन महिन्यांतून एका रविवारी यायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची. का, ते लहानपणी कळत नव्हतं. मोठेपणी कळलं, पण कळून काही उपयोग झाला नाही.

"करते," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात सुरी वाजत होती.

२

दहा दिवसांत चित्र झालं. क्लेमेंसियाच्या फ्रॉकची चुणी न् चुणी, बापाच्या मिशा, कुंड्यांवरचा ओलावा. आईला नेलिदाने वेगळ्या लेयरवर, चित्राच्या वेगळ्या थरावर, घेतलं होतं. शेवटी त्या लेयरवर ब्लर लावून तो धूसर करायचा एवढंच उरलं.

ब्लर कमीजास्त करायची पट्टी दहावर नेली असती तरी पुरे होतं. तिने तीसवर नेली. आईच्या कपाळाची कड विरघळली, मग नाक, मग ओठ. पट्टी सरकवताना बोटांना जे बरं वाटलं ते तिने कोणाला सांगितलं नसतं.

मग तिने चित्र एक्स्पोर्ट केलं आणि तयार फाईल उघडली. आईचा चेहरा स्वच्छ होता.

पडद्यावर पुसट, फाईलमध्ये स्वच्छ. ब्लरचं असं होतं कधी कधी, पडदा एक दाखवतो आणि बाहेर दुसरंच पडतं, म्हणून तिला प्रथम नवल वाटलं नाही. तिने चाळिसावर नेऊन पुन्हा काढलं. पुन्हा स्वच्छ. साठावर. या वेळी तिने फाईल मोठी करून बघितली आणि खुर्ची जरा मागे सरकवली. भुवयांचा केस न् केस दिसत होता. एवढं बारीक तिने रंगवलंच नव्हतं. जुन्या फोटोतही ते नव्हतं.

"म्हणजे ऐकायचं नाही तर," ती पुटपुटली आणि तिने पट्टी पार टोकाला नेली.

मशीनचा पंखा घोंघावू लागला. पडद्यावरची रेघ सरकत सरकत नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत गेली आणि तिथेच अडकली. तेवढ्यात नेलिदाच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातली सुरी थांबली आहे. नळ नाही, चप्पल नाही. पत्र्यावर ऊन तडतडत होतं तेवढंच. ती हाक मारणार होती, पण का कोण जाणे, मारली नाही.

रेघ पुढे सरकली. फाईल तयार झाली. आईच्या खांद्यांवर आता नुसता एक बदामी डाग होता.

सुरी पुन्हा वाजू लागली.

दुपारी दोघी जेवायला बसल्या. बटाट्याचं, कोळंबीचं दाट सार, वर वाफेचे लोट. त्या वाफेआड आईचा चेहरा नीट दिसेना. वाफच ती, असं म्हणून नेलिदा जेवत राहिली. मग सार गार झालं, वर साय धरली, तरी तिला वर बघायला जमलं नाही.

"आज मान का गं मोडलीय?" आईने विचारलं. "त्या पाटीवर वाकून वाकून तुझं मानगूट एक दिवस तिथेच राहील. वाढू का अजून?"

"नको, आई. बस तू."

३

क्लेमेंसियाने नमुना फोनवर बघून लगेच कळवलं, 'वा! आता कसं नीट दिसतंय.' काम संपलं होतं. तरी नेलिदाने निकानोरला बोलावलं. वस्तीतली सगळी मशीनं निकानोरच दुरुस्त करायचा. साठीचा माणूस, पण तोंडाने तरणा.

"मशीन ठणठणीत आहे," पाऊण तास खुडबूड करून तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा जास्त जगेल."

"मग पडद्यावर एक आणि बाहेर एक, असं का?"

"पडदा अंदाज करतो, बाई. हात अडू नये म्हणून तुला घाईघाईने काहीतरी दाखवतो. खरं काम शेवटी होतं. आणि ब्लर म्हणजे काय? त्याला स्वतःचा रंग नसतो. शेजारच्याचं घ्यायचं आणि शेजारच्याला द्यायचं. कड बांधली नाहीस तर सांडतो तो."

"कुठे सांडतो?"

"चित्रातच सांडणार ना! का शेजारणीच्या अंगणात?" तो मोठ्याने हसला. मग सामान आवरून जाताना स्वयंपाकघराच्या दारात थबकला आणि हळूच म्हणाला, "पाहुणी आलीय का? ओळखलं नाही मी."

दोमितिला शेंगा सोलत बसली होती. निकानोर तिच्या हातचं सार गेली आठ वर्षं पीत होता.

"मेल्या, चष्मा बदल!" दोमितिला ओरडली. आवाज तोच, खणखणीत. निकानोर हसला, पण न रेंगाळता निघून गेला.

नेलिदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. तिने सगळ्यांत खालची ओळ धडाधडा वाचली. "तुमचे डोळे विशीतल्या पोरीचे आहेत," डॉक्टर म्हणाली. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

त्याच आठवड्यात आरोग्यकेंद्रात आईचं ओळखपत्र नवं करायचं होतं. खिडकीतल्या मुलीने कॅमेरा लावला.

"आजी, हलू नका."

"कुठे हलतेय, बाळा? मेल्यासारखी तर बसलेय."

"परत एकदा. हां. नाही, हललात तुम्ही." तिसऱ्या खेपेला मुलगी हसत म्हणाली, "आजी, तुमचा चेहरा भारी लाजरा आहे हं," आणि तिने कॅमेऱ्यावरून नजर उचलून समोर, थेट दोमितिलाकडे बघितलं. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मग तिने मान खाली घातली, कागदावर शिक्का मारला आणि पुन्हा वर न बघता म्हणाली, "नंतर या. मशीन बिघडलंय."

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. काचेत रस्ता दिसत होता, दुकानं दिसत होती, आईची शाल दिसत होती. नेलिदाने आपल्या हातांकडे बघत सगळा प्रवास केला.

४

दुसऱ्या दिवशी तिने आईच्या लेयरवरचा ब्लर काढून टाकला. खालचं मूळ रंगकाम वर यायला हवं होतं. वर आला तो बदामी डाग. तिने दहा दिवसांपूर्वीची फाईल उघडली, त्यातही डाग. तिने स्कॅन उघडला. तिथेही तेच. मग खणातून कागदाचा फोटो काढला, ज्यात पंचेचाळीस वर्षांत कोणी काही फेरफार केला नव्हता, आणि भिंग धरलं. पाच चेहरे सुबक, करकरीत. सहावा कोणीतरी ओल्या अंगठ्याने पुसावा तसा. मागच्या भिंतीचा पांढरा रंग गालात उतरला होता आणि गालाचा रंग भिंतीवर गेला होता.

ठीक आहे, तिने स्वतःला बजावलं. आपण चित्रकार आहोत. फोटो नसेल तर नसेल, आई तर माझीच आहे.

तिने कोरं पान घेतलं आणि आठवून आठवून आईचा चेहरा काढायला बसली. हाताने प्रथम काढली ती आईची पाठ. गाठोडं बांधलेली, बसकडे चाललेली. तिने ते पुसलं. मग निघाली बसची खिडकी, तिच्यात मागच्या बाजूने एक वेणी. मग घागऱ्याचा काठ, आजीच्या अंगणातून उंबऱ्याकडे जाणारा. तासभर ती काढत होती आणि पुसत होती. तिच्याकडे आईच्या जेवढ्या आठवणी होत्या तेवढ्या सगळ्या पाठमोऱ्या होत्या. आणि ही मागची आठ वर्षं? आठ वर्षं आई तिच्या पाठीमागे वावरत होती आणि ती पडद्याकडे तोंड करून बसली होती.

"नेलिदा! ऊन गेलं तर कपडे ओलेच राहतील गं!"

ती अंगणात गेली. दोमितिला दोरीवर चादर टाकत होती. हात दिसत होते, हातांवरच्या शिरा, नखांत अडकलेली हळदीसारखी पिवळी मिरची. मग चादर बाजूला झाली आणि दोमितिला तिच्याकडे वळली.

कपाळ कुठे संपतं आणि केस कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. रंग होते, पण ते जागेवर नव्हते. ते हळूहळू खाली शालीत आणि बाजूला उन्हात झिरपत होते. तोंड असायला हवं तिथे काहीतरी हललं.

"अशी काय बघतेस? डोळ्यांत काय भुसा भरलाय?"

आवाज अगदी जवळून, अगदी स्वच्छ.

"आई," नेलिदाने जमिनीकडे बघत विचारलं, "तू आरशात बघतेस का हल्ली?"

"या वयात काय बघायचंय? केस हाताने चाचपून विंचरते." मग जरा थांबून दोमितिला म्हणाली, "तो आरसा खराब झालाय. पुसला तरी पुसट दिसतो."

५

आल्वारो आता दातांचा डॉक्टर होता. मोठ्या चौकामागे त्याचा दवाखाना होता. नेलिदा पाटी काखेत मारून भर दुपारी तिथे गेली. तो जेवायला उठतच होता.

"नेलिदा? दोमी बरी आहे ना?"

"तिचा चेहरा सांगा, डॉक्टर."

"म्हणजे?"

"तुम्हाला आठवतो तसा सांगा. मी काढते."

"अगं, आई तुझी. तुला नाही माहीत?"

"आई माझी होती. असायची तुमच्याकडे."

आल्वारोने दार लावून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, हेच नेलिदाला आयुष्यभर खुपलं होतं. वाईट असता तर सोपं झालं असतं. तो रोग्यांच्या खुर्चीच्या कडेला बसला आणि त्याने डोळे मिटले.

"कपाळ लहान आहे. डाव्या भुवईत खाच आहे, तिथे केस येत नाहीत. मी चमचा फेकून मारला होता, तीन वर्षांचा असताना. डोळे... जवळ आले की पिंगट दिसतात, लांबून काळे."

"पापण्या?"

"वरची उजवी जरा जड. झोप आल्यासारखी. पण झोप कधी येत नसे तिला, मला ताप आला की रात्रभर कुशीत घेऊन फिरायची. वरचा एक दात किंचित तुटलेला. मी डॉक्टर झालो तेव्हा म्हटलं, दोमी, नीट करून देतो. म्हणाली, राहू दे रे आल्वारबाळा, तो नसला तर तू मला ओळखायचा नाहीस. आणि हसताना तोंडाच्या दोन्ही बाजू एकदम वर जात नाहीत. आधी डावी बाजू वर जाते, मग उजवी. हां. अशी."

नेलिदाचं पेन चालत होतं. आपल्याच घरचं कपाट उघडून दाखवावं तसा तो एकेक वस्तू सहज काढून देत होता, आणि त्यातली एकही तिने पूर्वी बघितलेली नव्हती. बाहेर रोगी ताटकळत होते, कोणीतरी दार वाजवून गेलं.

"बसलेली मात्र कधी आठवत नाही बघ," तो डोळे न उघडता म्हणाला. "आम्ही जेवत असू आणि ती भिंतीपाशी. आमचं झालं की मग स्वयंपाकघरात जायची." त्याने डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. त्याने पाटीकडे बघितलं आणि त्याचा हात तोंडावर गेला.

"हीच," तो म्हणाला. "देवा रे, हीच. कसं जमलं तुला?"

नेलिदाला त्याला फटकन मारावंसं वाटलं. तिने चित्र एक्स्पोर्ट केलं. रेघ एका दमात शेवटपर्यंत गेली. पडद्यावर जो चेहरा होता तोच फाईलमध्ये होता, कुठेही पुसट नाही.

नव्वदीच्या चित्रात दोमितिलाला पुसट करायला सांगितलंय, हे तिने निघताना त्याला सांगितलं. "क्लेमेंसियाचं मी बघतो," आल्वारो तिला दारापर्यंत पोचवत म्हणाला. "दोमीला असंच राहू दे चित्रात. तिला सांग, मी विचारत होतो."

६

चार वाजता ती घरी पोचली. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात चपला वाजत होत्या आणि नेलिदा ओट्याशी जाऊन उभी राहिली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की दोन्ही चपला सारख्या वाजताहेत. एकही घासत नव्हती.

दोमितिला वळली.

चेहरा स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की नेलिदाच्या डोळ्यांना पाणी आलं. केस पांढरेच होते, कातडी सैलच होती. कपाळ लहान. डाव्या भुवईत खाच. ती हसली, आधी डावी बाजू, मग उजवी, आणि तुटका दात दिसला.

नेलिदा त्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली. ही खाच गेल्या महिन्यात होती का? हा दात? ही जड पापणी? असेलही. असणारच, तो कशाला खोटं सांगेल. पण तिच्याजवळ ताडून बघायला काही नव्हतं.

"आल्वारबाळ जेवला का?" दोमितिलाने विचारलं.

आपण कुठे चाललोय हे नेलिदाने घरात सांगितलं नव्हतं.

तिने फोन काढला. फोटो पहिल्याच खेपेला करकरीत आला. तिने तो आल्वारोला पाठवला आणि खाली लिहिलं, 'ही तीच आहे का?'

उत्तर लगेच आलं. 'हो! अगदी हीच. थोडीसुद्धा बदललेली नाही.'

जगात हे सांगू शकणारं दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा मानायलाच हवं होतं. नेलिदा टेबलाशी बसली. समोर ताट आलं, मक्याचे दाणे, चीज, वर हिरवी चटणी. बाजूला घडी घातलेला रुमाल ठेवला गेला. त्या घरात कधी कोणी रुमालाची घडी घातली नव्हती.

समोरची खुर्ची रिकामीच राहिली. नेलिदाने हळूच मान वर केली. दोमितिला भिंतीपाशी उभी होती, हात पुढे एकमेकांत धरून, नजर ताटावर.

"आई, बस ना गं."

"तुमचं होऊ द्या आधी, सेन्योरिता," दोमितिला म्हणाली.